दार उघडताना अजून पाय आडवा जातो

पत्र: ताई, आमचा बंड्या जाऊन दोन महिने झाले. तेरा वर्षांचा होता. किडनी निकामी झाली आणि शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही त्याला इंजेक्शन देऊन झोपवलं. फॉर्मवर सही माझी आहे. मला त्याचं दुखणं आधी कळायला हवं होतं, हे डोक्यातून जात नाही. तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी रात्री कविता लिहायला लागले. कॉलेजनंतर एक ओळ लिहिली नव्हती, आता वही अर्धी भरली आहे. नवरा म्हणतो, तू जखम चिघळवते आहेस. तो स्वतः बंड्याचं नावही काढत नाही. रात्री दहाला मात्र पूर्वीसारखाच बाहेर पडतो आणि एकटा चक्कर मारून येतो. ऑफिसात एकजण ‘अगं, कुत्राच होता ना’ म्हणाली, तेव्हापासून मी तिथे हा विषयच काढत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला पिल्लू हवं आहे. माझ्याच कविता मला खोट्या वाटतात आणि त्या शेवटच्या दिवसाबद्दल तर एक शब्द सुचत नाही. त्याचे डोळे उघडेच राहिले होते. लिहिणं थांबवू का? तीन कविता सोबत पाठवते आहे. कसं सांगू, अजूनही घराचं दार उघडताना मी पाय आडवा घालते, तो बाहेर पळू नये म्हणून. – बंड्याची आई

प्रिय बंड्याची आई,

लिहिणं थांबवू नका. हे आधी सांगून टाकते, कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे आणि त्याचं उत्तर द्यायला मला फार विचार करावा लागला नाही. विचार करावा लागला तो तुमच्या कवितांवर. त्या मी सावकाश वाचल्या, मग पुन्हा पत्र वाचलं, आणि लक्षात आलं की तुमची सगळ्यात चांगली ओळ कवितांमध्ये नाहीच. ती पत्राच्या अगदी शेवटी आहे, दार उघडताना पाय आडवा घालण्याची. ‘कसं सांगू’ म्हणत तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी ऑफिसातल्या त्या वाक्याबद्दल बोलू.

माणूस गेलं की फोन येतात, लोक भेटायला येतात, रजा मिळते, तुमच्या वाट्याचं काम चार दिवस दुसरं कुणी उचलतं. काय बोलायचं हे कुणाला नीट कळत नसलं तरी काहीतरी बोलायचं असतं एवढं सगळ्यांना माहीत असतं. कुत्रा गेला की यातलं काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर असता. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने अशा दुःखांवर बरंच काम केलं आहे, ज्यांना आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मोजतच नाहीत. 1989 मध्ये या विषयावरचं त्याचं पुस्तक आलं. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे अशा दुःखाचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. दुःख जेवढं असतं तेवढंच राहतं, पण ते ठेवायला जागा मिळत नाही. मग माणसाला आधी दुःख होतं आणि नंतर त्या दुःखाची लाज वाटायला लागते. तुम्ही ऑफिसात गप्प झालात ते त्यामुळेच. आणि रात्री वही उघडलीत तीही त्यामुळेच, असं मला वाटतं. भेटायला कुणी येणार नव्हतं, म्हणून तुम्ही स्वतःच बोलायला बसलात.

शिवाय कुत्र्याचं जाणं दिवसभरात विखुरलेलं असतं. तेरा वर्षं, दिवसातून दोनदा धरलं तरी जवळपास साडेनऊ हजार वेळा त्याच्या गळ्यात पट्टा अडकवला गेला असेल. हे सगळं शरीरात मुरतं. फरशीवर नखांचा आवाज येईल म्हणून कान टवकारलेले राहतात. सोफ्यावर बसलं की एक हात आपोआप खाली लोंबकळतो आणि बोटं काहीतरी शोधत राहतात. अंधारात चालताना पाऊल जपून पडतं, कारण तो नेमका वाटेत आडवा पसरलेला असायचा. तो गेला हे डोक्याला एकदा कळतं, शरीराला दिवसातून वीस ठिकाणी कळावं लागतं. ‘कुत्राच होता’ म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही, कारण त्यांच्या दिवसात तो नव्हता. त्यांना समजावत बसू नका. या वीस जागा तुमच्या कवितांच्या आहेत.

आता त्या तीन कविता. पहिलीत बंड्या ‘देवदूत’ आहे, दुसरीत ‘निष्ठेचं मूर्तिमंत रूप’, तिसरीत ‘मुका जिवलग’. यातला एकही शब्द तुम्ही खोटेपणाने लिहिलेला नाही, हे मला स्वच्छ दिसतं. पण या कवितांमधून बंड्याचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याचं घातलं तरी काही बिघडत नाही. तुम्हाला त्या खोट्या वाटतात त्याचं कारण हेच आहे. तुमच्या मनात जो आहे तो त्यांत आलेलाच नाही. दार उघडलं की तेरा वर्षं बाहेर सटकायच्या तयारीत असलेला कुत्रा ‘निष्ठेचं मूर्तिमंत रूप’ कसा असेल? तो तुमच्यावर जीव टाकत होता आणि संधी मिळाली की पळत होता. या दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्याच्या आहेत आणि दोन्ही लिहिल्या तरच तो कुत्रा उभा राहील.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालत गेलेला कुत्रा प्रत्यक्ष धर्म निघतो. गोष्ट मोठी आहे आणि मला प्रिय आहे. पण आपल्यावर तिचा परिणाम असा झाला आहे की कुत्र्यावर लिहायला बसलं की त्याच्यातून कुणीतरी थोर बाहेर काढावंसं वाटतं. तुमचा बंड्या काहीही निघायला नको. तो कुत्रा म्हणूनच तुमचा होता, कवितेतही त्याला कुत्राच राहू द्या.

हे कसं साधतं ते पाहायचं तर ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातला आर्गोस नावाचा कुत्रा आठवा, सतराव्या सर्गातला. अडीच हजार वर्षांपेक्षाही जुनं काव्य आहे हे. त्याचा नायक, राजा ओडिसियस, वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी परततो. त्याला कुणी ओळखत नाही. दाराबाहेर शेणाच्या ढिगावर त्याचा म्हातारा कुत्रा पडलेला असतो, अंगावर गोचिडं माजलेली. तो मालकाला ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो. जवळ येण्याएवढी ताकद मात्र त्याच्यात उरलेली नसते. ओडिसियसला आपली ओळख लपवायची असते, म्हणून तो तोंड फिरवून डोळे पुसतो आणि पुढे जातो. तेवढ्यात तो कुत्रा मरतो. होमर आर्गोसला देवदूत म्हणत नाही. शेण, गोचिडं, शेपूट, कान एवढंच सांगतो, आणि इतक्या शतकांनी, इतक्या भाषांमधून फिरून आल्यावरही वाचणाऱ्याचा घसा दाटतो.

उलट उदाहरणही सांगते. इंग्रज कवी बायरनचा बोट्स्वेन नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा 1808 मध्ये रेबीजने गेला. बायरनने न्यूस्टेड ॲबी या आपल्या घराच्या आवारात त्याचं मोठं स्मारक उभारलं आणि त्यावर कविता कोरली. ती प्रसिद्ध आहे. पण वाचून पाहिली तर तिचा बराचसा भाग माणसांवरच्या रागात गेला आहे: माणूस कसा दांभिक, कसा कृतघ्न. ते सगळं खरं मानलं तरी बोट्स्वेन कसा चालायचा, कशाला घाबरायचा, हे काही आपल्याला कळत नाही. कुत्रा बाजूला राहिला आणि कविता माणसांनी व्यापली. तुमच्या दुसऱ्या कवितेच्या शेवटच्या आठ ओळी ऑफिसातल्या त्या बाईंना उद्देशून आहेत. राग योग्य आहे. पण त्या आठ ओळी बंड्याच्या होत्या, त्या तिला देऊ नका. राग आलाच तर त्याचं वेगळं पान करा.

आता तो आडवा पाय. मराठीत एक छंद तुमच्या हाताशीच आहे, लहानपणापासून कानावर पडलेला: मोठा अभंग. चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चारच. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, चौथा मोकळा राहतो. लघु-गुरू पाहायचे नाहीत, अक्षरं बोटांवर मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. तुमचं पत्रातलं वाक्य मी त्यात बसवून पाहिलं:

दार उघडता । पाय जाई आड ।
पळेल हा द्वाड । रस्त्याकडे ॥

कुणी न धावते । पाय तरी राही ।
गेला हेच नाही । कळे त्याला ॥

हे तुमच्या वहीत उतरवून घ्या असं मी म्हणत नाही, तुम्ही यापेक्षा चांगलं लिहाल. दाखवायचं होतं ते वेगळंच. यात ‘दुःख’ हा शब्द नाही, ‘आठवण’ नाही, ‘निष्ठा’ नाही. दार, पाय, रस्ता आणि एक द्वाड कुत्रा आहे. चौथा चरण तोकडा असल्यामुळे आवाज दर वेळी कानाच्या अपेक्षेआधीच थांबतो. गेलेल्याबद्दल लिहिताना हे थांबणं फार उपयोगी पडतं, तिथे वेगळा हुंदका लिहावा लागत नाही. मला या छंदाची आणखी एक गोष्ट आवडते. डोळे भरून आलेले असताना बोटं मोजण्यात गुंतलेली राहतात. आणि सहा अक्षरांत जागाच इतकी कमी असते की ‘निरागस’, ‘अनंत’, ‘मूर्तिमंत’ असे शब्द घालायला जावं तर बंड्यासाठी काही उरत नाही. ते आपोआप गळतात.

तुमच्या तिन्ही कविता मुक्तछंदात आहेत. मुक्तछंदाशी माझं काही भांडण नाही, पण तो वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. त्यात ओळ कुठे तोडायची हे दर वेळी स्वतः ठरवावं लागतं, आणि मध्यरात्री, मन इतकं भरलेलं असताना, ते ठरवणं जमत नाही. मग ओळी लांबत जातात आणि विशेषणं जमा होतात. काही दिवस छंदात लिहून पाहा. नंतर हवं तर परत या मुक्तछंदाकडे.

आणि विषय लहान ठेवा. एका कवितेत तेरा वर्षं मावत नाहीत. एक कविता फक्त पट्ट्याच्या आवाजाची असू दे. एक फक्त त्याच्या झोपण्याच्या जागेची, तिथली फरशी इतर फरशीपेक्षा वेगळी दिसत असेल तर त्याची. झोपेत तो पाय मारायचा का, आणि तेव्हा तुम्ही घरातल्यांना काय सांगायचात? विजा कडाडल्या की कुठे लपायचा? तो कशामुळे तुम्हाला वैताग आणायचा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नक्की लिहा. वैतागाच्या आठवणी आपण गेलेल्याबद्दलच्या आदरापोटी बाजूला ठेवतो, पण जिवंत बंड्या त्यांच्यातच जास्त सापडेल.

आता त्या दिवसाकडे वळते. इथे कवितेच्या आधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात, कारण तुमची लेखणी बहुतेक इथेच अडली आहे.

‘मला आधी कळायला हवं होतं’ असं तुम्ही लिहिता. कुत्र्याच्या मूत्रपिंडांची राखीव ताकद बरीच मोठी असते. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात साधारण दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून काही जाणवतच नाही. जास्त पाणी पिणं, वारंवार लघवी होणं ही लक्षणं त्यानंतरची. नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसतं तोवर बहुधा तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. शिवाय दुखणं लपवणं हा कुत्र्याचा स्वभावच. तुम्ही रोज ज्याला पाहत होता त्याच्या डोळ्यांत, चालण्यात, शेपटीत ते आधी दिसण्यासारखं नव्हतं.

आणि ते उघडे डोळे. त्या इंजेक्शनात भुलीच्या प्रकारातल्याच औषधाचा खूप मोठा डोस असतो, बहुतेकदा पेंटोबार्बिटल. शिरेतून दिल्यावर काही सेकंदांत शुद्ध हरपते, त्यानंतर श्वास थांबतो, त्यानंतर हृदय. म्हणजे श्वास थांबला तेव्हा बंड्याला काही जाणवत नव्हतं. डोळे उघडे राहणं नेहमीचंच आहे, कारण पापणी मिटायला स्नायूंनी काम करावं लागतं आणि ते थांबलेलं असतं. काही वेळा नंतरही छाती एकदम हलते, श्वास घेतल्यासारखी, किंवा पाय थरथरतो. तुम्ही असं काही पाहिलं असेल आणि पत्रात लिहायचं धाडस झालं नसेल, म्हणून सांगते: त्या हालचाली शरीराच्या असतात, त्यांत जाणीव नसते. तो तुमच्याकडे पाहत राहिला नव्हता. शेवटचं जे त्याने पाहिलं आणि हुंगलं, ते त्याच्याही आधीचं. तिथे तुम्ही होता.

त्या दिवसाची कविता आत्ता लिहू नका. गद्य लिहा. किती वाजता घरातून निघालात, त्याला कुणी उचललं, कशात गुंडाळलं, टेबलावर काय पसरलं होतं, तुमचा हात कुठे होता, पेन कुणी दिलं, सही करताना कोण काय म्हणालं, परत येताना पट्टा कुणाच्या हातात होता. क्रियापदं लिहा. विशेषण नको, आणि ‘मी त्याला मारलं’ यासारखा निकालही नको. न्यायाधीश त्या खोलीत नव्हता, त्याला कागदावर बोलावू नका. लिहून झालं की वही मिटा, त्या रात्री पुन्हा वाचू नका. काही आठवड्यांनी त्या गद्यातून एखादी ओळ वर येईल, किंवा येणार नाही. आली नाही तरी बिघडत नाही.

यावरून अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन आठवते. तिच्याकडेही न्यूफाउंडलंड कुत्रा होता, कार्लो. वडिलांनी दिलेला, जवळपास सोळा वर्षं तिच्यासोबत राहिलेला. जिने अठराशेच्या आसपास कविता लिहिल्या, तिने 1866 च्या सुरुवातीला कार्लो गेल्याची बातमी ज्यांच्याशी ती कवितेबद्दल पत्रव्यवहार करायची त्या हिगिन्सन यांना कळवली ती दोन शब्दांच्या वाक्यात. खाली सही, आणि आता तुम्ही मला काही शिकवाल का, एवढी विचारणा. पत्र जवळजवळ तेवढंच. मला ती दोन शब्दांची ओळ तिच्या थोर ओळींइतकीच खरी वाटते. तुमच्या वहीत त्या तारखेखाली ‘बंड्या गेला’ एवढंच राहिलं, तरी ते पान भरलेलं आहे.

एक गोष्ट मात्र निदान सध्या टाळा. कुत्र्याच्या तोंडून लिहिलेल्या कविता पुष्कळ असतात: ‘आई, रडू नकोस, मी तुला माफ केलं आहे, मी सुखात आहे.’ तुमच्या तिसऱ्या कवितेची शेवटची चार कडवी अशीच आहेत. लिहिताना त्यांनी बरं वाटलं असेल, मला ते कळतं. पण ती माफी तुम्हीच लिहिली आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून सकाळपर्यंत ती टिकत नाही. बंड्याला त्याच्या आवाजात बोलवायचंच असेल तर ब्रिटिश म्युझियममध्ये एक रोमन शिलालेख आहे तसं बोलवा. मार्गारीटा नावाच्या कुत्रीच्या थडग्यावरचा तो लेख आहे, दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. त्यात ती स्वतः बोलते, पण बोलते ते आपल्या जगण्याबद्दल: जड साखळ्या कधी सोसाव्या लागल्या नाहीत, मालक-मालकिणीच्या मांडीवर लोळायचे, दमले की अंथरुणावर जाऊन पडायची सवय होती, माझ्या भुंकण्याची कुणाला भीती वाटली नाही. शेवटी पिल्लं होताना आपण गेलो, हेही तीच सांगते. कुणाला माफ करत नाही, कुणाला धीर देत नाही. तरी तिच्या माणसांचा जीव तिच्यावर किती होता ते अठरा शतकांनंतर आपल्याला दिसतं.

नवऱ्याच्या ‘जखम चिघळवते आहेस’ या म्हणण्यात तथ्य किती? थोडं आहे, म्हणून सविस्तर सांगते. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार रात्री, दर वेळी पंधरा मिनिटं, मनाला खोल लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्तच उदास वाटलं. म्हणजे तुमचे रात्रीचे सुजलेले डोळे पाहून नवरा घाबरतो ते विनाकारण नाही. पण पुढच्या काही महिन्यांत, ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झालेल्या दिसल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत फायदा सगळीकडे सारखा आला नाही, काहींत तर फारसा दिसलाच नाही, म्हणून मी याला औषध म्हणणार नाही. पण ‘घटना आणि भावना दोन्ही’ हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तुमच्या वहीत आतापर्यंत भावनाच आल्या आहेत. घटना पत्रात आली, शेवटच्या एका वाक्यात.

चिघळतंय का, हे तुमचं तुम्हाला ओळखता येईल. महिन्यापूर्वीचं पान आणि कालचं पान शेजारी ठेवा. कालच्या पानात एखादी नवी आठवण आली असेल, एखाद्या ओळीशी हसू आलं असेल, तर लिहिणं तुम्हाला पुढे नेतं आहे. रोज तीच सही, तेच टेबल, तोच ‘मी मारलं’ असा फेरा असेल, तर वेळ बदला. रात्री लिहू नका, दिवसा लिहा, अर्ध्या तासात संपवा, आणि लिहून झाल्यावर घराबाहेर पडा. आणि झोप, खाणं, काम यांतलं काही आठवडेच्या आठवडे कोलमडलेलं असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कुत्र्यासाठी डॉक्टरकडे कसं जायचं, असा संकोच करू नका. त्यांच्याकडे या कारणाने येणाऱ्या तुम्ही पहिल्या नसाल.

तुमचा नवरा बंड्याचं नाव काढत नाही आणि रात्री दहाला चक्कर मारून येतो. तुम्ही हे तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. मला तर वाटलं की तुमच्या घरात दोघंजण रात्री एकाच कामाला बसतात, एक वही घेऊन आणि एक रस्त्यावर. त्याला ‘देवदूत’वाली कविता वाचून दाखवू नका, तो अवघडेल. आडव्या पायाची ओळ दाखवा, आणि त्याचा पाय दाराशी काय करतो ते विचारा. किंवा एके रात्री दहाला काही न बोलता त्याच्याबरोबर निघा. तो कुठल्या खांबापाशी थबकतो ते दिसेल. ती कविता तुम्हाला त्याच्याशिवाय लिहिता येणार नाही.

मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी. त्याला ‘बंड्याला झोपवलं’ असं सांगितलं असेल, तर आता साध्या शब्दांत पुन्हा सांगा: बंड्या खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, डॉक्टरांनी त्याला वेदना न होता मरण्याचं औषध दिलं, आणि तो मेला. मेलं की शरीर बंद पडतं, परत सुरू होत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे पेलतं. ‘झोपवलं’ हा शब्द पेलत नाही, कारण त्याला स्वतःलाही रोज झोपायचं असतं. पिल्लाची घाई करू नका. तुम्हाला पिल्लू हवं आहे की बंड्या हवा आहे, हे आज घरात कुणालाच सांगता येणार नाही. नव्या पिल्लाला बंड्याच्या जागी उभं राहावं लागलं तर ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. पुढे कधीतरी तिघांनाही दुसरं नाव सुचायला लागेल, तेव्हा आणा.

आणि त्यालाही लिहू द्या. नऊ वर्षांची मुलं कुत्र्याला देवदूत वगैरे म्हणत नाहीत. ती लिहितात की तो माझ्या बुटांत तोंड घालायचा आणि त्याच्या तोंडाला वास यायचा. तुम्ही ज्याच्यासाठी धडपडता आहात ते त्याला न शिकवता येतं. त्याला वेगळी वही देऊ नका. तुमच्याच वहीत, तुमच्या कवितेशेजारचं पान त्याचं. शुद्धलेखन सुधारू नका, यमक जुळवून देऊ नका. बंड्याला तो घरात कुणाला कळू न देता कुठल्या नावाने हाक मारायचा, तेवढं मात्र विचारून घ्या. मुलांकडे अशी नावं असतात, आणि ते नाव वहीत यायला हवं.